‘आइना’ हे योरुबा नाव : अर्थ काय, आलं कुठून, आणि आता कुणी ठेवतं का?

मिरजेची_मावशी

नमस्कार मंडळी. नावांवरचे धागे इथे रंगतात, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतेय.

माझी भाची लंडनला असते. जावई योरुबा समाजाचे आहेत. घराणं नायजेरियातल्या इबादानचं, पण ते वाढले लंडनमध्येच. नुकतीच त्यांना मुलगी झाली. आपल्याकडे मिरजेत सगळे कागद-पेन घेऊन ‘अ’पासून नावं काढत बसले होते, तेवढ्यात इबादानहून जावयांच्या आजींचा फोन आला : मुलीचं नाव आइना. सुचवते आहे, आवडलं तर बघा, असलं काही नाही. नाव आइना आहे, बास.

वहिनीचं म्हणणं, आयना म्हणजे आरसा, मुलीला आरसा कोण म्हणतं? मी नावांच्या साइट्स उघडल्या तर आणखीच घोळ. कुठे ‘कठीण बाळंतपण’, कुठे ‘सदैव’, कुठे ‘आयुष्य’, एका ठिकाणी तर ‘जमीन’. एक साइट म्हणते फार दुर्मीळ, दुसरी म्हणते झपाट्याने लोकप्रिय होतंय. भाचीला नाव ऐकायला गोड वाटतंय, पण ‘कठीण बाळंतपण’ वाचून ती जरा खट्टू झालीये. जावयांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, आजीला विचारा. आजींना इंग्रजी येतं, पण त्या फोनवर तीन वाक्यांच्या पुढे जात नाहीत.

कुणाला खरी माहिती आहे का?

उकडीचा_मोदक

वाचतोय. आमच्या आजोळी जुन्या आरशाला ‘ऐना’च म्हणायचे, त्यामुळे वहिनींची बाजू समजू शकतो.

लागोसचा_पाहुणा

मावशी, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं लागोसला, इकेजा भागात राहतोय. कारखान्यातले निम्म्याहून जास्त सहकारी योरुबा आहेत. त्यांच्या बारशांना जाऊन जाऊन जे कळलं ते लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुमच्या साइट्सनी चार-पाच वेगवेगळ्या भाषांतली नावं एका डब्यात कोंबली आहेत. फिनलंडमध्ये आइना म्हणजे सदैव. मादागास्करच्या भाषेत आइना म्हणजे आयुष्य, जीव. हवाई बेटांवर जमीन. स्पेनच्या काताल्युन्यात आणि मायोर्कात हेच नाव ‘आना’चं स्थानिक रूप म्हणून चालतं. आपला आरसा फारसीतून आला. यातल्या कशाचाही इबादानच्या आजींशी संबंध नाही.

योरुबा नावांचे ढोबळ प्रकार असे. एक ‘आबिसो’, म्हणजे जन्मल्यावर दिलेलं नाव. घरातली परिस्थिती, आईबापांची इच्छा, घराण्याचा व्यवसाय किंवा दैवत, सगळं त्यात येतं. नावाच्या सुरुवातीला ‘आयान’ असेल तर घराणं ढोलवाद्य वाजवणाऱ्यांचं, ‘ओदे’ असेल तर शिकाऱ्यांचं, ‘इफा’ असेल तर भविष्य सांगणाऱ्या बाबालावोंचं, ‘आदे’ म्हणजे मुकुट, राजघराण्याशी नातं. गायिका शादे आडू माहीत असेल. ती इबादानलाच जन्मली, १९५९ साली. तिचं नाव फोलाशादे, मानमरातब हाच जिचा मुकुट झाला अशी.

दुसरा प्रकार ‘ओरिकी’. हे लाडाचं, कौतुकाचं नाव. मुलींच्या ओरिकी बहुतेक ‘के’वर संपतात, कारण ‘के’ म्हणजे जपणं, लाड करणं. आदुके, जिचे लाड करायला लोक आपसात भांडतात ती. आशाके, लाड करण्यासाठी निवडून घेतलेली. आजोके, सगळ्यांनी मिळून जिला जपायचं ती. आबेके, नवस-विनवण्या करून जपायला मिळालेली. (आशाके नावाचा एक पुरुष गायक सध्या जगभर गाजतोय. त्याने आईचं नाव घेतलंय.) ही नावं कागदावर येतीलच असं नाही, पण रडणारी पोर आजीच्या तोंडून ओरिकी ऐकली की गप्प होते, हे मी स्वतः पाहिलंय.

तिसरा प्रकार तुमचा. ‘आमुतोरुन्वा’, मूल स्वर्गातून येताना बरोबर घेऊन आलेलं नाव. ते कुणी निवडत नाही. मूल कसं जन्मलं त्यावरून ते ठरलेलं असतं. जुळ्यांतलं पहिलं ताइवो, दुसरं केहिंदे. पायाकडून जन्मलं तर इगे. तोंड खाली असेल तर आजायी. डोक्यावर जन्मतःच गुंतलेल्या बटा असतील तर दादा. (हो, दादा. आमच्या ऑफिसात एक दादा आहे आणि मी त्याला हाक मारली की मला उगीच घरी असल्यासारखं वाटतं.) हाताला सहावं बोट असेल तर ओलुग्बोदी. आणि गळ्याभोवती नाळ गुंडाळून आलेली मुलगी असेल तर आइना, मुलगा असेल तर ओजो.

म्हणून आजींनी ‘नाव आइना आहे’ असं सांगितलं. त्यांनी ठेवलेलं नाही, त्यांनी फक्त ओळखलं. बाळंतपणात नाळ गळ्याभोवती होती का, एवढं भाचीला विचारा.

मिरजेची_मावशी

विचारलं. होती! एक वेढा होता, सुईणीने तिथल्या तिथे काढला, सगळं दहा-पंधरा सेकंदांत. भाचीला तर आठवतही नव्हतं, जावयांनी आजीला फोनवर सांगितलं होतं म्हणे. अंगावर काटाच आला. पण मग ‘कठीण बाळंतपण’ हा अर्थ बरोबर म्हणायचा का?

सुईण_एमडी

धाग्यात माझा विषय निघाला, आता राहवत नाही.

मावशी, भाचीला सांगा, ‘कठीण’ वगैरे काही नाही. गळ्याभोवती नाळेचा वेढा ही पूर्ण दिवस भरलेल्या प्रसूतीत अगदी नेहमीची गोष्ट आहे. साधारण चार-पाच बाळांमागे एकाला असतो. बाळ पोटात फिरतं, कोलांट्या घेतं, नाळ लांब असली की गुंडाळली जाते. बहुतेक वेळा डोकं बाहेर आलं की बोट घालून वेढा डोक्यावरून सरकवायचा, संपलं. नाळेला आतून एक जेलीसारखा थर असतो, त्यामुळे रक्तवाहिन्या सहसा दबत नाहीत. काही थोड्या वेळी त्रास होतो, बाळाचे ठोके कमी होतात, तेव्हा आम्ही धावपळ करतोच. पण सरसकट घाबरण्यासारखं काही नाही.

आपल्याकडेही याच्यावर कहाण्या आहेतच. गळ्यात वेढे घेऊन आलेलं मूल मामाला जड जातं म्हणतात. मामाने आधी तेलात बाळाचं तोंड बघायचं आणि मग प्रत्यक्ष. असे मामा माझ्या वॉर्डाबाहेर वाटी घेऊन उभे असलेले मी पाहिलेत. मला योरुबा पद्धत जास्त आवडली. त्यांनी त्याच वेढ्याचं नाव केलं, दोष कुणाच्या माथी मारला नाही.

आता पाहुण्यांना एक विचारते. चार-पाचांत एक मुलगी जर आइना म्हणूनच जन्मत असेल, तर हे नाव दुर्मीळ कसं? हिशेबाने तर प्रत्येक वर्गात पाच-सहा आइना हव्यात.

उकडीचा_मोदक

हा प्रश्न भारी आहे. +१.

लागोसचा_पाहुणा

डॉक्टर, नेम बरोबर लागला. मलाही हे खटकायचं. लागोसमध्ये आइना आडनावाची माणसं पुष्कळ भेटतात, पण पहिलं नाव आइना असलेली तरुण मुलगी क्वचित. पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायका मात्र आहेत. ऑफिसात विचारलं तेव्हा एका सहकाऱ्याच्या आईने सरळ सांगितलं, पूर्वी सुईण घरचीच असायची. वेढा दिसला की ती तिथूनच ओरडायची, आइना आली म्हणून. बाहेर बसलेल्यांना बाळ बघायच्या आधी नाव कळायचं. आता नर्स वेढा काढते, कागदावर लिहिते किंवा लिहीतही नाही, आणि आईच्या हातात पुसून-पासून स्वच्छ बाळ देते. विचारणार कोण आणि सांगणार कोण?

याला माझा स्वतःचा एक पुरावा आहे, बघा पटतो का. ताइवो आणि केहिंदे ही दोन नावं आजही धडाक्यात चालू आहेत. ख्रिस्ती घर असो, मुसलमान असो, जुळी झाली की ताइवो-केहिंदे. जुळं लपवता येत नाही ना! योरुबा मुलुखात जुळ्यांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त मानलं जातं. ओयो राज्यातलं इग्बो-ओरा हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे दर हजार जन्मांमागे ४५ ते ५० जुळी नोंदली गेलीत, जगाची सरासरी १२च्या आसपास असताना. अमेरिकन चित्रकार केहिंदे वायली, ओबामांचं अधिकृत व्यक्तिचित्र काढणारा, त्याच्या जुळ्या भावाचं नाव ताइवोच. जी खूण दवाखान्याबाहेर सगळ्यांना दिसते तिचं नाव टिकलं, जी दहा सेकंदांत सुटते तिचं नाव गेलं.

सुईण_एमडी

पटलं. आणि ‘इगे’चंही तेच झालं असणार. दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं पायाळू असतात, आता त्यांची बहुतेकांची सिझेरियन होतात. पोटातून काढलेल्या बाळाचा पाय आधी आला की डोकं, हे कोण लक्षात ठेवतं?

‘आजायी’वर मात्र मी कालपासून विचार करतेय. तोंड खाली करून जन्मलेलं बाळ म्हणजे विशेष, असं तुम्ही लिहिलंत. पण आमच्याकडे बाई पाठीवर झोपून बाळंत होते, आणि तेव्हा बहुतेक बाळांचं तोंड खालीच, आईच्या पाठीकडे असतं. मग सगळीच आजायी झाली की! तिकडे बाया पूर्वी कशा बाळंत व्हायच्या?

लागोसचा_पाहुणा

गुडघ्यांवर! योरुबात एक जबरदस्त शब्द आहे, ‘इकुन्ले आबियामो’, म्हणजे आईचं बाळंतपणातलं गुडघे टेकणं. त्याची शपथ घालतात, दुहाई देतात. भांडण फार वाढलं की एखादी म्हातारी ‘इकुन्ले आबियामो’ म्हणते आणि समोरचा गप्प होतो.

सुईण_एमडी

मग उलगडलं. हा माझा तर्क आहे, पण शरीररचनेला धरून आहे. बाई गुडघ्यांवर पुढे वाकून बसली की तिची पाठ वर येते. नेहमीच्या बाळाचं तोंड पाठीकडे, म्हणजे आकाशाकडे. तोंड जमिनीकडे घेऊन येणारं बाळ म्हणजे आम्ही ज्याला उलटी ठेवण म्हणतो ते, आणि जन्माच्या वेळी ते शंभरात पाचेकच असतं. म्हणजे ‘आजायी’ हे खरोखर वेगळ्या बाळाचं नाव होतं. खाटेवर झोपवून बाळंतपण करायला लागल्यावर त्या नावामागचा हिशेबच उलटा झाला. आज आमच्या मेसमध्ये जेवताना मी हे सगळ्यांना ऐकवणार आहे.

कागदाचा_किडा

आजायी निघाला म्हणून. सॅम्युएल आजायी क्राउथर हा माणूस योरुबा भाषेच्या बाबतीत फार मोठा. १८२१ साली गुलाम पकडणाऱ्यांनी त्याला गावातून उचललं, पोर्तुगीज जहाजावर चढवलं, ब्रिटिश आरमाराने ते जहाज अडवून त्याला सिएरा लिओनला उतरवलं. तिथे तो शिकला, पाद्री झाला, १८४३ साली योरुबा शब्दसंग्रह छापला आणि १८६४ साली अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. बायबलच्या योरुबा भाषांतरामागेही मुख्यतः तोच. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१चा, म्हणजे काळ साधारण एकच. फरक इतकाच की तिकडे भाषेची घडी बसवणारा माणूस तीच भाषा आईच्या दुधाबरोबर शिकलेला होता. बाप्तिस्म्यात सॅम्युएल क्राउथर हे इंग्लंडमधल्या एका पाद्र्याचं नाव मिळालं, पण आजायी त्याने सोडलं नाही.

आणि मावशी, तुमच्या ‘आइना’लाही इतिहासात एक मोठी बाई आहे. सारा फोर्ब्स बोनेटा. तिचं जन्मनाव आइना (काही ठिकाणी इना) सांगितलं जातं. एग्बादो योरुबांच्या ओके-ओदान गावची. १८४८ साली शेजारच्या दाहोमे राज्याच्या सैन्याने गाव लुटलं, आईबाप मारले गेले, पोर दरबारात कैद. १८५० साली फ्रेडरिक फोर्ब्स हा ब्रिटिश कप्तान राजा गेझोकडे गुलामांचा व्यापार थांबवा म्हणून बोलणी करायला गेला. राजाने बोलणी मनावर घेतली नाहीत, पण राणीसाठी भेटवस्तू म्हणून ही मुलगी दिली. वस्तू म्हणून! फोर्ब्सने तिला आपलं आडनाव दिलं, बोनेटा हे त्याच्या जहाजाचं नाव. सारा हे ख्रिस्ती नाव. म्हणजे नवीन नावातला एकही शब्द तिचा नाही.

व्हिक्टोरिया राणीने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १८६२ साली ब्रायटनला तिचं लग्न झालं, नवरा जेम्स डेव्हिस हा लागोसचा धनाढ्य व्यापारी, योरुबाच. पहिल्या मुलीचं नाव व्हिक्टोरिया ठेवलं, राणी तिची धर्ममाता. सारा १८८० साली मादेरा बेटावर क्षयाने गेली, अजून चाळिशीही गाठली नव्हती. त्याच काळात राणीकडे आपल्याकडची कूर्गची राजकन्या गौरम्माही होती. १८५२ साली तिचाही बाप्तिस्मा झाला आणि तीही व्हिक्टोरिया झाली. राणीला आपलं नाव वाटायची भारी हौस.

नाशिकचा_नाना

राणीवर घसरू नका, धाग्याचं काश्मीर होईल, नुसती भांडणं.

वर्धेकर

मी वेगळ्या बाजूने येतो. सुईणबाईंनी ‘पायाळू’ शब्द वापरला. आमच्या गावात पायाळू माणसाला मान होता. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूला बोलावून हलकी लाथ मारून घ्यायची. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं आणि वीज त्याच्याकडे ओढली जाते, अशाही गोष्टी ऐकत आलो. म्हणजे इगेसारखी ओळख आपल्याकडेही आहे, फक्त आपण तिचं नाव केलं नाही, बिरुद केलं. दादाच्या बटा वाचून ‘जट’ आठवली. तिकडे काय करतात?

लागोसचा_पाहुणा

दादाचे केस सहज कापत नाहीत. कापायचे तर विधी करून. कवड्या बांधतात. लाडच लाड.

वर्धेकर

इथे जट आली म्हणून पोरींना यल्लम्माला सोडत होते. असो.

मला विचारायचं होतं ते वेगळंच. आपल्याकडे मुलं जगत नसतील तर दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिकू अशी नावं ठेवायचे, की यमाला वाटावं हे टाकाऊ आहे. तिकडे असं काही?

लागोसचा_पाहुणा

हुबेहूब. त्याला ‘आबिकू’ म्हणतात, मरण्यासाठी जन्मलेलं मूल. समजूत अशी की एकच पोर पुन्हा पुन्हा जन्म घेऊन आईला छळतं आणि पुन्हा निघून जातं. मग त्याला अडवणारी नावं. मालोमो, आता पुन्हा जाऊ नकोस. रोतिमी, माझ्याजवळ थांब. बांजोको, बस माझ्यापाशी. दुरोसिन्मी, मला पुरायला तरी थांब. आकितान म्हणजे उकिरडा, तुमचा कचरूच. आणि सगळ्यात धारदार, कोसोको, म्हणजे ‘आता कुदळ उरली नाही’, थडगं खणायला. या नावाचा एक राजा लागोसच्या गादीवर होता, १८४५ ते १८५१, इंग्रजांनी तोफा डागून त्याला हटवलं. कोसोको आडनाव आजही ऐकू येतं.

वर्धेकर

‘कुदळ उरली नाही.’ बापरे.

यात एक वैद्यकीय धागाही आहे. एकाच घरात मुलं ओळीने दगावायची, त्यामागे पुष्कळदा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असणार असं अभ्यासक मानतात. नायजेरियात जवळपास चौथा हिस्सा लोकांच्या अंगात तो जनुक आहे. आमच्या विदर्भात गडचिरोलीकडे आणि तिकडे नंदुरबारला आदिवासी घरांत तोच आजार. आई-वडील दोघेही वाहक असले की दर खेपेला चारात एकाची जोखीम. बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच की तेच पोर परत येतंय.

तेजस्विनी_सा

वर्धेकर, कचरू-दगडूच्या जोडीला ‘नकुशा’ही आणा की. ते मात्र मृत्यूला फसवायला नव्हतं. मुलगी नको होती म्हणून होतं. २०११ साली साताऱ्यात २८५ नकुशांचं पुन्हा बारसं केलं जिल्हा प्रशासनाने. मी त्याच जिल्ह्यातली आहे. आपल्या जुन्या नावांचं कौतुक करताना हे गाळू नका.

वर्धेकर

मान्य. आबिकू नावात आई मुलाला धरून ठेवते, नकुशात ढकलते. दोन्ही एका रांगेत नाहीत.

आकडेमोड

मूळ धाग्यातला ‘दुर्मीळ की लोकप्रिय’ हा प्रश्न राहिलाय.

इंग्लंड-वेल्सची सांख्यिकी कचेरी दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढते. एखादं नाव वर्षभरात तीनपेक्षा कमी मुलांना ठेवलं असेल तर ते यादीत येत नाही. अमेरिकेत ही मर्यादा पाच. आता यादीत असतं फक्त रोमन स्पेलिंग, वरखालची चिन्हं काढून. म्हणजे मायोर्काची आइना, फिनलंडवरून आलेल्या पणजीची आइना, पाकिस्तानी घरातली आईना आणि इबादानची आइना, चौघी एकाच ओळीत मोजल्या जातात. ती ओळ वर गेली म्हणून योरुबा नाव वाढलं असं म्हणणं म्हणजे चार विहिरींचं पाणी एका हौदात सोडून कुठल्या विहिरीला पूर आला ते विचारणं. नायजेरियात अशी सरकारी वार्षिक नावयादी निघतच नाही. तेव्हा ‘झपाट्याने लोकप्रिय’ लिहिणाऱ्या साइटला खुशाल दुर्लक्षित करा.

शिवाय तिथल्या मुलाला पाच-सहा नावं असतात आणि दाखल्यावर दोन-तीनच येतात ना, पाहुणे? मग दाखल्यावरून मोजणार काय?

लागोसचा_पाहुणा

अगदी. घरात आइना आणि शाळेत दुसरंच, अशा पुष्कळ असतील. हल्ली शहरी आईबापांना देवाला उद्देशून लांबलचक नाव हवं असतं. ओलुवादामिलोला, ओलुवातोबीलोबा, म्हणजे अख्खं वाक्यच. चर्चचा जोर वाढल्यावर पुष्कळ घराण्यांनी नावातलं ‘इफा’ काढून तिथे ‘ओलुवा’ (प्रभू) किंवा ‘जेसु’ (येशू) बसवलं. आइनामध्ये कुठलं दैवतच नाही, त्यामुळे तिच्याशी भांडण असं कुणाचं नाही. पण तिच्यात इच्छा-आशीर्वादही नाही, नुसती हकीकत आहे. नवीन आईबापांना हकीकत नको, प्रार्थना हवी.

आडनावांत मात्र ती घट्ट बसली. पूर्वी योरुबांत आडनाव ही चीज नव्हती. मिशनच्या शाळा आणि सरकारी नोंदवह्या आल्या, तेव्हा बापाचं किंवा आजाचं स्वतःचं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं. ओजो, आजायी, इगे, आइना, सगळ्यांचं तसंच झालं. नायजेरियाचा फुटबॉलपटू ओला आइना बघा. म्हणजे त्याच्या कुणा पूर्वजाच्या गळ्यातला वेढा आता इंग्लंडच्या मैदानात जर्सीवर छापलेला असतो.

मिरजेची_मावशी

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी. आता खरा घरगुती पेच सांगते. वहिनीला वाटतंय, नाव तिकडच्यांनी ठरवलं, आपल्याला काही मानच राहिला नाही. तिने ‘इरा’ मनात धरलं होतं.

लागोसचा_पाहुणा

वहिनींना सांगा, त्यांचाही हक्क आहे, आणि तो योरुबा रीतीतच आहे. आठव्या दिवशी ‘इसोमोलोरुको’ असतं, नावाचा समारंभ. (जुन्या रीतीत मुलीचं सातव्या दिवशी, मुलाचं नवव्या.) पाणी, मध, मीठ, कोलाचे दाणे म्हणजे ‘ओबी’, कडू कोला म्हणजे ‘ओरोग्बो’, आतारे मिरी, पामतेल, असं सगळं मांडतात. थोडं थोडं बाळाच्या ओठाला लावतात आणि प्रत्येकाबरोबर आशीर्वाद. त्यात शब्दांचे खेळ असतात : ओबी मृत्यूला ‘बी’, म्हणजे ढकलून देईल, ओरोग्बोने बाळ ‘ग्बो’, म्हणजे म्हातारं होईपर्यंत जगेल. मग आजी-आजोबा, काका-मावशा एकेक करून वाडग्यात पैसे टाकतात आणि आपापलं नाव सांगतात. जितके वडीलधारे तितकी नावं, आणि सगळी बाळाचीच. वहिनींनी व्हिडिओ कॉलवर यावं, जावयांकडून आपल्या नावाने वाडग्यात पैसे टाकून घ्यावेत आणि ‘इरा’ म्हणावं. तिकडची माणसं खूश होतील. तिथे एक म्हण आहे, ‘इले ला न् वो, कि आ तो सोमो लोरुको’, घर बघूनच मुलाला नाव द्यावं. या मुलीचं घर मिरजेतही आहेच की.

तेजस्विनी_सा

आणि बाराव्या दिवशी आपलं बारसं करा. पाळण्याखालून-वरून गोविंद घ्या, गोपाळ घ्या. आत्या कुठली आणणार पण?

मिरजेची_मावशी

जावयांना तीन बहिणी आहेत. तिघींनाही कानात कुर्रर करायला शिकवते. वहिनी व्हिडिओ कॉलला तयार झाली, पण वाडग्यात पौंड टाकायचे की रुपये, यावर घरात वाद चालू आहे.

उकडीचा_मोदक

एक बारीक प्रश्न. उच्चार नेमका कसा? आ-इ-ना की आय-ना?

लागोसचा_पाहुणा

आ-इ-ना, तीन वेगळे स्वर. पहिले दोन खालच्या पट्टीत, ‘ना’ वर उचलायचा. योरुबात पट्टी बदलली की शब्द बदलतो. नुसतं ‘ओको’ घ्या, ‘ऑ’सारखा उघडा ओ : पट्टीप्रमाणे नवरा, कुदळ, गाडी किंवा भाला. मी पहिल्या वर्षी एका बाईंना त्यांची गाडी कुठे लावलीय हे विचारत होतो आणि सगळं ऑफिस हसत होतं. आरशातल्यासारखं सपाट ‘आयना’ म्हटलंत तर आजींना कळेल, पण त्या दुरुस्त करतील.

सुईण_एमडी

आणि पुढच्या खेपेला मुलगा झाला, तोही वेढा घेऊन, तर ओजो. बरोबर?

लागोसचा_पाहुणा

बरोबर. पहिला ‘ओ’ खाली, ‘जो’ वर. दोन्ही खालीच ठेवले तर ‘ओजो’ म्हणजे पाऊस.

नाशिकचा_नाना

मग मिरजेला जूनमध्ये कसंही हाक मारा, चालेल.